पुसलेली ओळ

सातपाटीला आमच्या घराची चावी दाराबाहेरच खिळ्याला असायची. आई मासे विकायला गेली आणि आभाळ भरून आलं, तर शेजारणीने वाळत घातलेले बोंबील आत घ्यावेत म्हणून.

बोईसरच्या कारखान्यात सर्व्हर उभे करणारा कोड मी लिहायचो. माझ्या सुट्टीत कुणाचं अडू नये म्हणून त्या कोडच्याच फाइलीत सर्व्हरचा पासवर्ड लिहून ठेवला. चूक कळल्यावर ती ओळ पुसली आणि मूर्खासारखा निर्धास्त झालो. पासवर्ड बदललाच नाही. फाइल बदलली तरी तिच्या जुन्या प्रती तशाच राहतात, हे काय मला माहीत नव्हतं? त्यातूनच कुणीतरी तो उचलला आणि सर्व्हरवरचं सगळं पुसून टाकलं.

साहेबांनी जुनी प्रत माझ्यासमोर उघडली. पासवर्डच्या वर मीच लिहिलं होतं, ‘लागला तर घ्या.’