पाण्याला वास येतोय का?

घटस्फोटानंतर मी साताऱ्याहून बदली मागून घेतली आणि पलूसजवळच्या एका जलशुद्धीकरण केंद्रात रुजू झाले. लोक त्याला नुसतं फिल्टर म्हणतात. कृष्णेचं पाणी तिथं तुरटीनं निवळतं, वाळूतून गाळलं जातं आणि क्लोरीन मिसळून आसपासच्या गावांना जातं. पाणी तपासायला मी एकटीच, आवारातल्या खोलीत राहायलाही एकटीच. पंपाची घरघर सुरू असली की बरं वाटायचं. लाइट गेली की इतकं सामसूम व्हायचं की मी उगीच घासलेली भांडी पुन्हा घासायला घ्यायची.

त्या उन्हाळ्यात बंधाऱ्यामागं नदी थांबल्यासारखी झाली, पाण्यावर हिरवट साय धरली. एका सकाळी चहाचा कप तोंडाजवळ नेला आणि वास आला. ओल्या चिखलाचा. वरिष्ठांना नमुना पाठवला, तर ते फोनवर म्हणाले, "मला नाही येत. बाकीच्या तपासण्या ठीक आहेत ना? मग झालं." पंपावरच्या माणसांनीही नकारार्थी माना हलवल्या. हळूहळू मलाच शंका यायला लागली. एकटं राहून माणसाला नसलेले वास यायला लागतात का?

अशात कुंडलची एक म्हातारी एसटीनं आली. हातात झाकणाचा डबा, त्यात घरच्या नळाचं पाणी.

"आवं बाई, ह्या पान्याला वास येतोय, का मलाच येतोय?"

"घरी कुणाला येत नाही?"

"न्हाई. सून म्हंती, आत्ती, तुमचं डोस्कं फिरलंय. पोरगा फौजेत हाय, फोनवर त्योबी हसला."

मी ते पाणी काचेच्या भांड्यात झाकून कोमट केलं. कोमट पाण्यातून वास उठून येतो. झाकण काढून आधी तिच्यापुढं धरलं, मग स्वतः हुंगलं.

"येतोय," मी म्हणाले. "मलाही येतोय, आजी."

ती खुर्चीत बसली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. मला तिच्याकडं बघवेना, कारण माझंही तसंच होणार होतं. मग मी तिला सांगितलं, की शेवाळातले बारीक जीव हा वास पाण्यात सोडतात. या वासानं अपाय होत नाही, पण एखाद्या नाकाला त्यातला कणभरही कळतो.

"म्हंजी नाक चांगलं हाय माजं?"

"लय चांगलं."

त्यानंतर ती अधूनमधून यायची. भाकरी-पिठलं बांधून आणायची आणि माझ्याबरोबर बसून जेवायची. पाण्याबद्दल आम्ही फारसं बोलतही नसू.

पुढं वास वाढला आणि सगळ्यांनाच यायला लागला. फाटकाशी माणसं जमली. "मॅडम, क्लोरीन वाढवा की! चिखल पाजताय व्हय आमाला?" मी सांगायचा प्रयत्न केला, की क्लोरीननं हा वास जात नाही, उलट जास्त टाकलं तर शेवाळ आणि पाचोळ्याच्या अंशाशी मिळून पाण्यात नको ती द्रव्यं तयार होतात. कोळशाची खास पूड हा वास धरून ठेवते, ती मागवलीय. मागून कुणीतरी म्हणालं, "हिला काय, बाटलीचं पानी पीत आसंल." मी नळाखाली पेला भरला आणि त्यांच्यादेखत प्यायले. माणसं पांगली. मात्र त्या दिवसापासून गावातला दुकानदार सामान न बोलता पुढं सरकवायचा.

पूड आली. मिसळायला लागलो तशी ती गाळण-टाक्यांत चिकटून बसायची, त्या सारख्या धुवाव्या लागायच्या. माझे हात कोपरापर्यंत काळे. पण वास गेला. तो गेला हे सांगायला फाटकापर्यंत कुणी आलं नाही.

म्हातारी आली, पण निरोप घ्यायला. मुलाला छावणीत घर मिळालं होतं. तो सगळ्यांना घेऊन उत्तरेकडं निघाला होता. "जायाला नगं वाटतंय," ती म्हणाली, "पर हितं ऱ्हाऊन तरी काय करू?" मी तिला एसटीत बसवून दिलं.

दिवाळीच्या सुमाराला तिचा फोन आला. थंडी फार आहे, सगळे हिंदीत बोलतात, असं सांगत होती. मग म्हणाली, "जेवलीस का? कुनासंगं?"

"आता बसतेय, आजी. एकटीच."

"मीबी," ती म्हणाली. "घर भरलंय, पर जो त्यो आपलं ताट घिऊन मोबाईलपाशी बसतोय."

मी ताट पुढं ओढलं आणि फोन स्पीकरवर टाकला. तिकडून तिच्याही ताटाचा आवाज आला. जेवून झालं तरी फोन दोघींनीही ठेवला नाही.