मल्लेश ‘खलास’ म्हणेपर्यंत

लातूरचा गफूर शिलाई मशीन दुरुस्त करतो. मी मात्र त्याला बेस गिटारवाला म्हणूनच ओळखतो. आमच्या नाटकाच्या मध्यंतरात त्याच्या बँडला पहिल्यांदा मीच रंगमंच दिला. फंक रॉक म्हणजे काय, देव जाणे! पण गफूरचा अंगठा तारेवर आदळला आणि पहिल्या रांगेतले किशनराव आडते हातातला चहा विसरून मान डोलवू लागले.

बँडमधल्या चौघांचा एक रिवाज होता. गाणं कुठं संपवायचं, हे आधी ठरत नसे. ड्रमवरचा मल्लेश ‘खलास!’ ओरडला की सगळे एका झटक्यात थांबायचे. तोवर कुणी हात काढायचा नाही.

पुढे मल्लेश नोकरीसाठी हैदराबादला गेला, गाणारी मंजुश्री लग्न होऊन नाशिकला, गिटारवाला बसवंत दुबईला. यंदा ठरलं, एक शेवटचा अल्बम करून बँड मिटवायचा. गफूरचं मागणं एकच होतं, एकदा चौघांनी एका खोलीत बसायचं. नांदेडचा स्टुडिओ त्यानंच ठरवला. सोबतीला मला घेतलं. डब्यात त्याच्या बायकोनं, बिलकीसभाभींनी, सगळ्यांना पुरेल एवढी खिचडी आणि चिंचेचा खट्टा दिला होता.

स्टुडिओत रेकॉर्डिंग करणारा यासेर एकटाच होता.

“चाचा, तिघांनीबी आपापलं वाजवून फोनवर पाठवलंय. तुमचंच राहिलंय.”

“मल्लेश येतो म्हणला होता की.”

“सुट्टी न्हाई भेटली म्हणे.”

गफूरनं गिटार खांद्याला अडकवली. “मग मल्लेशची म्हणून एक खुर्ची ठेव समोर. भिंतीकडं बघून मला वाजत न्हाई.”

“खुर्चीचा ताल चुकला तर मला बोलायचं न्हाई हां!”

शेवटचं गाणं आलं. मंजुश्रीचा आवाज संपला, गिटार थांबली, ड्रमही थांबले. गफूर डोळे मिटून वाजवतच राहिला. मल्लेशनं आपल्या फ्लॅटमध्ये एकट्यानं वाजवलेलं. ‘खलास’ची आरोळी द्यायची कुणासाठी? काचेपलीकडून यासेर हात हलवत होता. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्यात माझं आयुष्य गेलं. एक शब्द ओरडणं मला जड नव्हतं. पण दुसऱ्याचं वाक्य आपण घ्यायचं नसतं.

चार मिनिटांनी अंगठा सोलवटला, तेव्हा कुठे तो थांबला.

“मागचं कापून टाकतो, चाचा.”

“राहू दे.”

“लोक म्हणतील, चुकलं.”

“चुकलं न्हाई. मल्लेश अजून बोललाच न्हाई.”

यासेरला आग्रहानं दोनदा वाढलं. तरी परतीच्या एसटीत डबा गफूरच्या मांडीवर जडच होता.