थांबलेली थरथर

नलूताई परब लग्नाचा व्हिडिओ तपासायला बसल्या की आधी आवाज बंद करायच्या. मग नवरा-नवरीचे चेहरे सोडून लोकांचे हात बघत राहायच्या. अक्षता टाकणारे, पंगतीत वाढणारे, पळणाऱ्या पोराला धरायला पुढे झालेले. मी नवीन असताना कारण विचारलं, तर म्हणाल्या, "चेहरे काय, गप बसतात गो. लफडा असला तर तो हातात दिसतो. जे हलतं ना, तेच खरं सांगतं."

अंधेरी पूर्वेच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात आमचा स्टुडिओ होता. लोकांच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचं काम. नलूताई आमच्यात सगळ्यांत ज्येष्ठ. माहेर मालवणचं, संसार कांदिवलीत, आणि हयात एडिटिंगमध्ये गेलेली. काम जमलं की नुसतं "झकास" म्हणायच्या. अडलं की मशीनला "मेल्या" अशी हाक, तीही लाडाने. जेवायच्या वेळी मी स्क्रीनला चिकटून राहिले तर माझ्यासमोर कोलंबीच्या सुक्याचा डबा उघडायच्या. "खा आधी. तो मेलो खंय पळान जाणा नाय."

जुन्या कॅमेऱ्याची भानगड त्यांनी मला दोन हातांची बोटं एकमेकांत गुंतवून समजावली होती. "हे एक चित्र. पण ते दोन अर्ध्यांचं. या हातात एक सोडून एक ओळ, त्या हातात उरलेल्या. एक अर्धं आधी टिपलेलं, दुसरं क्षणभर नंतर. जुना टीव्ही ती एकापाठोपाठ दाखवायचा. आताच्या स्क्रीनला अख्खं चित्र एकदम लागतं. नीट जोडलं नाही, तर हलत्या वस्तूच्या कडेला कंगव्यासारखे दाते येतात."

"आणि आधीचं अर्धं कुठलं, हेच चुकलं तर?"

"मग वाट लागली. माणूस जरा पुढे, जरा मागे. नुसता थरथरत राहतो."

एका दुपारी मुलुंडहून देवधरकाका आले. त्यांची पत्नी, मालतीबाई, काही महिन्यांपूर्वी गेली होती. शेवटची वर्षं कंपवातात गेली. हातात कपसुद्धा धरवत नसे. मुलीच्या साखरपुड्याची एक कॅसेट घरात होती, काकांनीच शूट केलेली. कुठल्याशा दुकानातून त्यांनी ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. बुरशी धरलेली ती कॅसेट त्यातच तुटली. उरली ती एवढी फाइल.

फाइल लावली. दारात मालतीबाई रांगोळी काढत होत्या. बोटं सारखी थरथरत होती.

"बघा," काका म्हणाले. "म्हणजे तेव्हाच सुरू झालं होतं. हात दुखतात म्हणायची, मी म्हणायचो, कामं कमी कर. ती माझ्यासमोर अशी थरथरत होती आणि मी मजेत शूटिंग करत होतो. वेळेवर डॉक्टरकडे नेली असती तर..."

नलूताईंनी सवयीने आवाज बंद केला, व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला आणि खुर्ची पुढे ओढली.

"काका, त्यांच्या मागचा पडदा बघा. वाऱ्याने हलतोय ना? तोपण थरथरतोय. ही मुलगी मागून गेली, तिची वेणी बघा. आता खालचं रांगोळीचं भांडं बघा. ते जागचं हलत नाही, तर कसं स्वच्छ दिसतंय."

काका स्क्रीनकडे वाकले.

"आणि ही रेघ. बाईंनी आत्ता ओढलेली. सरळ आहे की नाही? थरथरत्या हाताने अशी रेघ येते काय?"

पहिली, तिसरी, पाचवी अशा ओळी आधीच्या, अशी त्या फाइलवर नोंद होती. नलूताईंनी ती प्रमाण मानून दोन्ही अर्धी जोडून पाहिली. थरथर तशीच. "मेल्या, खोटं बोलतोस," असं पुटपुटत त्यांनी क्रम उलटा केला, दुसरी, चौथी, सहावी अशा ओळी आधी. मशीन बराच वेळ घेत होतं. काका खिशातला रुमाल काढून पुन्हा खिशात ठेवत होते.

नवी फाइल लागली. मालतीबाईंनी चिमूट भरली, हात खाली आला आणि पांढरी रेघ एका दमात उंबऱ्यापर्यंत गेली. पडदा झुळकेसरशी फुगला.

"आजार कधी सुरू झाला ते मला नाही सांगता येणार," नलूताई हळू म्हणाल्या. "पण त्या दिवशी त्यांचा हात स्थिर होता. तुमचं बघायचं राहिलं नव्हतं, काका."

काकांनी तेवढाच तुकडा पुन्हा लावायला सांगितला. या वेळी नलूताईंनी आवाज चालू केला. मालतीबाई मान वर करून हसल्या. "पुरे हो तो कॅमेरा, पाहुणे यायची वेळ झाली." काका मोठ्याने हसले आणि मग त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. नलूताई चहा सांगायला बाहेर गेल्या. मी मागून गेले, तर जिन्यात उभ्या राहून त्याही डोळे पुसत होत्या.

पुढे स्टुडिओ बंद झाला. नलूताईंचे गुडघे बोलायला लागले होते. त्या मालवणला भावाच्या शेजारी राहायला गेल्या. मी आता घरून काम करते. अडलं की त्यांना फोन लावते आणि पलीकडून नमस्कार-चमत्कार न होता प्रश्न येतो, "काय बिघडलं?" मी सांगते, त्या डोळ्यांनी न बघता रोग ओळखतात.

परवा रविवारी फोन लावला. "काय बिघडलं?"

"काही नाही, नलूताई. सहज केला."

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"सहज केलंस? थांब गो, गॅस बंद करून येते. मग बसून बोलू."