पदरात बांधायची वडी

रंगनाथ मास्तर म्हणजे पाथर्डी तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेचा गणितवेडा माणूस. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, दुष्काळी कामावर पाझर तलाव खोदणाऱ्या नऊशे बायांच्या दुपारच्या खाण्याची जबाबदारी त्याच्या गळ्यात पडली. रोज ठरलेलं पीठ, ठरलेला गूळ. आधी नुसत्या सुकडीच्या, म्हणजे भाजलेल्या पिठागुळाच्या, वड्या व्हायच्या, त्या पुरायच्या नाहीत आणि रांगेतल्या शेवटच्या बाया उपाशी राहायच्या. दुसरा कुणी असता तर हळहळून गप्प बसला असता. मास्तरने आलेखाची वही काढली.

आडव्या रेषेवर वड्या, उभ्या रेषेवर पातळ पेजेच्या वाट्या. पीठ एवढ्यापेक्षा जास्त नको, गूळ एवढ्यापेक्षा जास्त नको, सगळे वाटे मिळून नऊशेपेक्षा कमी नकोत. या अटींच्या रेषांमध्ये जेवढी जागा सापडली, तिथल्या कुठल्याही ठिपक्यावर बोट ठेवलं तरी सगळ्यांना खायला मिळणार होतं. वडीला पीठ जास्त लागतं, म्हणून त्याने एका टोकाचा कोपरा धरला: वडी बंद, सगळ्यांना पेज. वर पीठही शिल्लक! गडी स्वतःवर भलताच खूश झाला.

दुसऱ्या दिवशी बाया पेजेला हात लावीनात. मास्तर तापला.

"पोटाला मिळतंय तर नखरे कसले?"

"नखरे न्हाईत, मास्तर," बायडाबाई म्हणाली. साऱ्याजणी तिचं ऐकत. "वडी पदरात बांदून घरी नेता येती. पेज कशात बांदू? पोरं वाट बगत्यात."

खाणं कामावरच संपवायचं, असा नियम होता. तो मोडून या बाया रोज उन्हात उपाशीच माती वाहत होत्या, आणि एवढं शिकलेल्या मास्तरला त्याचा पत्ता नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली.

तिथेच बसून त्याने नवी अट लिहिली: घरी लहान पोरं असलेल्या बाया जेवढ्या, त्याहून वड्या कमी नकोत. बाकीच्यांना पेज. मग हिशोब केला. नऊशेजणींना वाटा द्यायचा तर वड्या जास्तीत जास्त चारशे चाळीस निघत होत्या.

"ज्यांची पोरं लहान आहेत त्यांनी हात वर करा."

हात निघाले चारशे सत्तेचाळीस. सातजणींपायी सगळं अडलं. वहीत आता एकही ठिपका उरला नव्हता, आणि मास्तरने ते बायांना सरळ सांगून टाकलं.

"सात वड्या कमी पडतात. माझ्या गणिताला उत्तर नाही."

बायांमध्ये कुजबुज झाली. त्याने पुन्हा हात वर करायला सांगून मोजले, तर चारशे अकराच. म्हणजे आता एकोणतीस वड्या उरत होत्या आणि त्यांना घेणारं कुणी नव्हतं.

बायडाबाईचाही हात खाली होता.

"माजी पोरं मोटी झाली, मास्तर," ती म्हणाली, आणि पेजेसाठी वाटी पुढे केली.

मास्तरने तिची वाटी भरली. तिच्या धाकट्याचं नाव त्याने गेल्या जूनमध्ये स्वतःच्या हाताने पहिलीत घातलं होतं.