मामीचं कुंपण

मामी गेल्याचं नर्सने येऊन सांगितलं, तेव्हा मामा म्हणाला, "बरं." मी त्याची सख्खी भाची, शेजारच्याच खुर्चीवर होते. मला असा संताप आला की मी उठून पाणी प्यायला निघून गेले. पुढच्याच आठवड्यात तो कुदळ खांद्यावर टाकून घरामागच्या टेकडीवर चढला, नेहमीच्याच वाटेने, कोपरावर विरलेलं नेहमीचंच स्वेटर घालून. नातेवाइकांनी कपाळाला हात लावला.

टेकडीवरचं जंगल मामीच्या माहेरचं. ती एकुलती एक, म्हणून तिच्याकडे आलं. मामाचं बाजारात कुलपं दुरुस्त करायचं दुकान. झाडांशी त्याचा संबंध फार तर दाराच्या फळीपुरता. पण सासरे जाताना म्हणाले, "जंगलाकडे बघा," आणि या माणसाने ते मनावर घेतलं. आधी सुट्टीच्या दिवशी टेकडी, आणि दुकान बंद केल्यावर रोजच टेकडी.

जंगलात घाणेरी माजली होती, आणि ती आली होती मामीच्याच कुंपणातून. लग्नानंतर तिने हौसेने घराभोवती लावली होती. गुलाबी-पिवळ्या फुलांचे झुबके, जवळजवळ बारा महिने. पक्ष्यांनी तिची काळी फळं खाल्ली, वर जाऊन बिया टाकल्या, आणि बघता बघता झाडांखाली माणूस शिरेना की नवं रोप उगवेना. म्हणजे माहेरही मामीचं आणि माहेरावरची पीडाही तिचीच. वर मलाच विचारायची, "नाव घाणेरी ठेवलं म्हणून फूल घाण होतं का गं?"

पहिल्या वर्षी मामाने घोळ घातला. जाळी सगळ्यात दाट होती तिथेच तुटून पडला. जमीन उघडी झाली, ऊन आलं आणि पुढच्या वर्षी घाणेरी दुप्पट. मग तो शहाणा झाला. जंगल अजून धडधाकट आहे तिथून सुरुवात करायची, तिथली चार-दोन झुडपं काढायची, जंगलाला आपल्या पायांनी खाली उतरू द्यायचं आणि सगळ्यात वाईट जागा शेवटी घ्यायची. उपटलेलं झुडूप फांदीला उलटं टांगायचं, मुळं आभाळाकडे. जमिनीला टेकलं की ही बया पुन्हा जीव धरते.

सगळ्यात वाईट जागा अर्थातच कुंपण. मामी चहा घेऊन मागच्या पायरीवर यायची. "अहो, कुठवर आलात? माझ्या कुंपणाचा नंबर कधी?"

"बघू."

"मी आहे तोवर हात लावायचा नाही, सांगून ठेवते. आयुष्यात एक फूल आणून दिलं नाहीत, निदान मी लावलेलं तरी राहू द्या."

"बघू," मामा म्हणायचा. बोलण्यात त्याने कायम काटकसर केली.

मामी गेल्यावरही तो तसाच वरून खाली सरकत राहिला. वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर विचारायचा नाही. दिवा लावला नाही तर अंधारात बसून राहायचा. मला वाटायचं, या माणसाच्या आत काही उरलेलंच नाही. एकदा तोंडावर तसं म्हणालेसुद्धा. त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "असेल."

यंदा उतार संपला आणि कुंपण आलं. त्याने मला मदतीला बोलावलं.

"मामा, एवढं राहू दे," मी म्हणाले. "तिची तेवढीच तर खूण आहे."

"जंगलही तिचंच. हे ठेवलं तर ते जाईल. पक्षी थोडेच ऐकतात?"

मी हातमोजे चढवले. दिवसभर आम्ही उपटत होतो आणि टांगत होतो. त्याचा हात एकदाही थांबला नाही, आणि मला तेच सहन होत नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीखालचं शेवटचं झुडूप उरलं तेव्हा मी सरळ बॅग उचलली आणि निघाले. निरोपसुद्धा धड घेतला नाही.

परवा पुन्हा गेले. कुंपणाच्या जागी मोकळी जमीन, मधूनमधून गवत. खिडकीखाली मात्र ते शेवटचं झुडूप चांगलं तरारून फुललेलं.

"हे उपटायचं राहिलं का?" मी विचारलं.

"उपटलं होतं. टांगलंही होतं. मग उतरवून परत लावलं."

"आणि पक्षी?"

तो वाटी घेऊन बाहेर गेला आणि उमललेलं एकूण एक फूल खुडलं. पानं वर करून कुठे हिरवं फळ तर धरलं नाही ना, तेही पाहिलं. आत येऊन फुलं पाण्याच्या पेल्यात ठेवली, आणि पेला टेबलावर, मामी बसायची त्या खुर्चीसमोर.

"रोज करतोस?"

"रोज. फळ धरता कामा नये." मग हात पुसत, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "एक फूल आणून दिलं नाही, म्हणायची."

रडू फुटलं ते मला. मामाने माझा कप माझ्यापुढे सरकवला. "चहा निवतोय," तो म्हणाला.