फोरमनकाकांचं स्टँडबाय इंजिन

फोरमनकाकांना इंजिनाचा आवाज सहन होत नसे. पनवेलच्या बसडेपोत ज्यांनी तीस वर्षं इंजिनं दुरुस्त केली, त्यांनी असं म्हणावं याची आमच्या सोसायटीत सगळ्यांना गंमत वाटे. "आयुष्यभर त्यांचं खोकणं ऐकलं. आता फक्त वारा ऐकणार," असं जाहीर करून निवृत्तीनंतर त्यांनी उरणच्या खाडीत छोटी शिडाची होडी घेतली आणि शेजारी म्हणून मला खलाशी नेमलं. मला पोहता येत नाही, हे मी सांगून पाहिलं. "तुला कुठे पोहायचंय? बसायचंय."

त्यांच्या साठीशांतीच्या दिवशी पहाटेच "तासाभरात येतो" म्हणून ते मला घेऊन निघाले. खाडीत वारा पडला, ओहोटी लागली आणि होडी चिखलात रुतली. भरती येईपर्यंत आम्ही बगळे बघत बसलो. घरी पोचलो तेव्हा गुरुजी दुसऱ्या यजमानाकडे गेले होते, पाहुणे जेवून पांगले होते आणि काकू दारात उभ्या होत्या. "होडीला इंजिन बसवा," त्या शांतपणे म्हणाल्या, "नाहीतर तिथेच राहायला जा."

काकांनी खाडीवरच्या धर्मा नाखव्याकडून जुनं आउटबोर्ड इंजिन आणलं. होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं. आवारात पाण्याच्या पिंपात ते चालवून पाहिलं, त्यात उडालेल्या काळ्या पाण्याने सेक्रेटरींच्या वाळत घातलेल्या चादरी गेल्या. रविवारी काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून खाडीवर आले. दोरी ओढली, इंजिन गरजलं, होडी मात्र जागची हलेना. मोजमाप त्यांनी रिकाम्या होडीवर केलं होतं आणि मी पुढे बसल्यामुळे मागची बाजू उचलली गेली होती.

"काका, पंखा पान्यान नाय, वाऱ्यान फिरतंय!" धर्मा किनाऱ्यावर पोट धरून हसत होता.

चार बोटं फळी कापून इंजिन खाली बसवलं. तरी काका ते चालवेनात. "स्टँडबाय आहे. डेपोतली स्टँडबाय गाडी रोज कोणी काढतं का?"

पुढच्या हिवाळ्यात एका दुपारी वारा पडला होता. खाडीच्या तोंडाशी धर्माची होडी दिसली. तिचं इंजिन बंद पडलं होतं आणि ओहोटी तिला मोठ्या जहाजांच्या वाटेकडे ओढत होती. धर्मा आणि त्याची बायको हाती लागेल ते फडकं हलवत होती. काकांनी दोरी ओढली. एकदा, दोनदा, सहादा. इंजिन ढिम्म. मी देवाचं नाव घेतलं, काकांनी प्लग काढला, शर्टाला पुसला, पुन्हा बसवला आणि इंजिनाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "चल बाबा, डेपोची अब्रू आहे." ते सुरू झालं. दोर टाकून आम्ही धर्माची होडी कासवाच्या चालीने किनाऱ्याला आणली. उतरल्यावर काकांनी शर्टावरचा काळा डाग पाण्याने चोळला.

"घरी बोलू नकोस. तुझी काकू परत सोडणार नाही," ते मला म्हणाले.

पण धर्माच्या बायकोने आधीच काकूंना फोन केला होता. काकूंनी आम्हां दोघांना गरम भात वाढला. मग ताकाची वाटी पुढे सरकवत त्यांनी विचारलं, "मला कधी नेताय?"

त्या रविवारपासून माझी खलाशाची नोकरी गेली. काका होते तोवर काकू पुढे बसत, मी किनाऱ्यावर दोघांच्या चपला सांभाळी.