भाचीचा पहिला शब्द

गिऱ्हाइकं तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे कातरबाई. जीभच तशी होती. "पोट आत ओढून माप देऊ नका हो, ब्लाउज घातल्यावर श्वास कुठे घ्याल?" असं ती भल्याभल्यांना सुनवायची. शिलाईचं दुकान तिनं एकटीच्या हिमतीवर उभं केलेलं, आणि ते सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. पण आता तिच्या बढाईला नवा विषय मिळाला होता, तो म्हणजे भावाची लेक. भाऊ-वहिनी कामावर गेले की दीड वर्षाची भाची आत्याच्या मशीनशेजारी चिंध्यांशी खेळत बसायची.

पोरीचा पहिलावहिला आणि एकुलता एक शब्द म्हणजे 'पाणी'. काय तो स्पष्ट 'णी'! कातरबाई प्रत्येक गिऱ्हाइकापुढे तिला बोलतं करायची, आणि बोलली रे बोलली की शाबासकी म्हणून बाटली तोंडाला. पोरीचं जेवण सुटलं, तिचे ओले कपडे बदलून जीव मेटाकुटीला आला, तरी कौतुक काही सरेना. मग एका दुपारी पोरीला उलट्या झाल्या आणि पाठोपाठ आकडी आली. भाऊ-वहिनी धावत दवाखान्यात पोचले.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. साखर नाही, मूत्रपिंडं ठणठणीत. "नुसती सवय लागलीय. एवढ्या पाण्यानं रक्तातलं मीठ उतरलं. आता आम्ही सांगू तेवढंच द्या."

पोर सावरली तशी वहिनी म्हणाली, "ताई, तुम्हाला तिला 'नाही' म्हणायला जमेल? नसेल तर मी नोकरी सोडते, हिला घरीच ठेवते."

"जमेल," कातरबाई म्हणाली.

कसलं जमतंय! पोर टाहो फोडायची. "अहो, द्या की घोटभर, पाप लागेल!" गिऱ्हाइकं म्हणायची. "तुम्ही तुमच्या बाह्या बघा," असं म्हणून ही पाठ फिरवायची आणि पदरानं डोळे पुसायची.

पण पोरीवर नजर होती तिची. ठरलेलं पाणी पोटात गेलेलं असायचं, तरी मशीन सुरू झालं की 'पाणी!' आणि थांबलं की गप्प. शिवाय बघायची ती आत्याच्या तोंडाकडे, बाटलीकडे नाहीच.

"अगं माझे बये! तुला मी हवी होय!" कातरबाईनं अर्धी बाही मशीनवरच सोडली आणि पोरीला कडेवर घेतलं. "'घे' म्हणायचं. 'घे'."

मग तर रोज तेच. लग्नाचे ब्लाउज खोळंबले, नवरीची आई फणकारली. "नवरी दोन दिवस थांबेल, ही नाही थांबायची," कातरबाईनं तिला जागच्या जागी गप्प केलं. पोर पुन्हा जेवायला लागली, अंग धरू लागली.

एका संध्याकाळी वहिनी न्यायला आली. लेक दुडूदुडू धावत आली तशी आईनं सवयीनं विचारलं, "पाणी हवं का, बाळा?"

पोरीनं मान हलवली, दोन्ही हात वर केले. "घे!"

वहिनीनं तिला उचललं, घट्ट धरलं आणि रडलीच. नंतर नाक पुसत म्हणाली, "ताई, नोकरी नाही सोडत मी. उद्याही जाते कामावर."

"जा की बिनघोर," कातरबाई ताठ मानेनं म्हणाली. "पोर आत्याकडे आहे."